नियम सहावा

४ जानेवारी

अकरा वर्षं दुसऱ्यांच्या नोंदवह्या भरल्या, आता स्वतःची एक भरायला हरकत नाही. पशुखाद्याच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होते. पोत्यातून मूठभर नमुना यायचा. मी तो दळायचे, उकळायचे, गाळायचे आणि त्यात फायबर किती ते लिहून खाली सही करायचे. गेल्या महिन्यात तिथं एक यंत्र आणलं. त्याच्या तोंडाशी नमुना धरला की मिनिटात आकडा. मला निरोप देताना त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. जिला कुठंही जायचं नाही तिला घड्याळ देणारी माणसं किती विनोदी असतील, याचा विचार मी अजून करतेय.

ताईकडे येऊन नऊ दिवस झाले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोठा दिसतो आणि गोठ्यातून स्वयंपाकघर, त्यामुळे मी काय खाते हे एकतीस दुभत्या शेळ्या रोज बघत असतात. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाचची होते आणि ही सतराची. हिनं शाळा सोडली आणि मला शाळेत घातलं. लोक मला हे विसरू देत नाहीत. ताई स्वतः कधी बोलून दाखवत नाही, ते जास्त लागतं.

ताईच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणतात. मला काय म्हणतात ते काल दूध घालायला गेले तेव्हा ऐकलं. ‘आल्या बघा, उंटावरून शेळ्या हाकायला.’ मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

८ जानेवारी

चाऱ्याचा व्यापारी आज रिकामी गाडी घेऊन आला, नुसतं सांगायला. पलीकडे पुठ्ठ्याची खोकी करायचा कारखाना निघालाय, तो सगळं गवत आणि काड उचलतोय. ‘शेळीच्या तोंडचं खोक्यात चाललंय, मी तरी काय करू,’ म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

कोठीतला सुका चारा तीन आठवडे पुरेल. वाफ्यातला हिरवा पिल्लांपुरता होतो. ताई रोज तासभर कळप कालव्याच्या बांधावर नेते, पण तेवढ्यानं एकतीस पोटं भरत नाहीत. दूध सगळं चीजवालीकडे जातं आणि तिची अट एकच, फॅट साडेतीनच्या खाली गेलं की दूध परत. दूध परत यायला लागलं की कळप गेला समज. पंधरा वर्षं एकेक शेळी निवडून ताईनं तो उभा केलाय.

‘निम्म्या विकाव्या लागतील,’ ताई म्हणाली आणि उठून भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती.

मी म्हटलं, ‘थांब. फायबर काय फक्त गवतातच असतं का?’

ताईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कुणी माझ्याकडून काहीतरी होईल अशा नजरेनं बघतंय, असं पुष्कळ दिवसांत झालं नव्हतं.

१२ जानेवारी

तेलगिरणीत जाऊन आले. सोयाबीनचं तेल काढायच्या आधी दाण्याची साल निघते, त्या टरफलाचे ढीग पडलेत. नेणारं कुणी नाही. मुकादम म्हणाला, ‘न्या बाई, आम्हाला पायात येतं.’ मी मूठभर घरी आणून, आहेत त्या भांड्यांत, जमेल तशी चाचणी केली. फायबर साठाच्या वर. गवताच्या जवळपास. तेही पचायला सोपं.

ताईला कागद दाखवला. तिनं टरफल हातात घेतलं, वास घेतला, दोन बोटांत चोळलं. ‘हलकं आहे फार,’ म्हणाली. हलकं आहे म्हणे. साठ टक्के हा आकडा तिला दिसलाच नाही.

१५ जानेवारी

पहिल्याच दिवशी शेळ्यांनी माझी परीक्षा घेतली. गव्हाणीत मक्याचा भरडा आणि टरफल मिसळून टाकलं. ताईच्या कळपात सासूबाई नावाची एक काळी शेळी आहे. कायम गव्हाणीच्या टोकाला उभी, आधी ती खाणार, मग इतर, आणि सगळ्यांच्या खाण्यात खोड काढणार. तिनं नाकानं फुंकर मारली, टरफल उडवलं, खालचा भरडा चाटून घेतला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. बघून बघून बाकीच्या तीसही तेच शिकल्या. उरलेलं झाडून मी मोजलं. चौदा किलो टरफल टाकलं होतं, अकरा किलो परत.

ताई तोंड फिरवून हसत होती. हसू दे.

१६ जानेवारी

उपाय सापडला आणि तो इतका सोपा होता की स्वतःचाच राग आला. प्रयोगशाळेत आम्ही प्रत्येक नमुना आधी बारीक दळून घ्यायचो. इथंही दळायचं. भरड्याच्या मशीनला सगळ्यात बारीक जाळी लावली आणि टरफलाचं पीठ करून भरड्यात कालवलं. आता मारा म्हणावं फुंकर.

ताई पिठात हात घालून उभी. ‘एवढं बारीक? चावायला काय उरलं यात?’

‘दळलं म्हणून फायबर कमी होत नाही, ताई. अकरा वर्षं हेच केलंय मी.’

‘तिथं शेळ्या होत्या का?’

मी मशीन पुन्हा चालू केलं. शाळा सोडलेल्या माणसाला आकडा समजावून सांगणं हे एक काम आणि त्याचा अपमान न करता सांगणं हे दुसरं. मला एका वेळी एकच जमतं.

२७ जानेवारी

मधले दिवस चारा कमी आणि पीठ जास्त करत नेण्यात गेले. आजपासून पूर्ण पीठ आणि भरडा. बांधावरचं चारणंही बंद केलं. ताई कुरकुरली, पण शेळी बाहेर काय तोडते, किती खाते याचा हिशेब कोण ठेवणार? पोटात जाईल ते सगळं मोजलेलं असलं पाहिजे, नाहीतर प्रयोग कसला.

गव्हाणी चाटूनपुसून स्वच्छ. उरलेलं शून्य. गोठाही शांत झालाय. पूर्वी दुपारी खिडकीपाशी बसलं की चघळण्याचा एकसारखा आवाज यायचा, एकतीस तोंडांचा. आता काही नाही. पोट भरलं की जीव शांत होतो.

५ फेब्रुवारी

चीजवालीची चिठ्ठी. फॅट २.९.

तिनं दूध घेतलं, पण म्हणाली, ‘ताईंकडे बघून घेतेय. दोन आठवडे बघीन.’ ताईंकडे बघून. बादल्या मी वाहते, खाद्य मी करते, आणि बघायचं मात्र ताईंकडे.

डॉक्टर सासूबाईला बघायला आले होते, ती दात खात उभी होती. सोडा पाजायला सांगितला. जाता जाता म्हणाले, ‘दुपारी बसलेल्या शेळ्या मोजा. दहात सहा-सात रवंथ करत असल्या पाहिजेत.’ मी मोजल्या. दहात दोन. शेळ्यांच्या डॉक्टरांना रवंथ मोजायला आवडतो, कारण त्याला यंत्र लागत नाही.

संध्याकाळी न्हाणीत कडी लावून बसले. पाणी सोडून ठेवलं होतं, तरी ताईला ऐकू गेलं असावं. बाहेर आले तर दाराशी उभी. मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, ‘इथंही नापास झाले तर मी कुठं जाऊ, ते सांग. यंत्रानं काढलं ते काढलं, आता शेळ्याही काढतील.’ तिनं माझं डोकं टॉवेलनं पुसलं, मी पाचची होते तेव्हा पुसायची तसं, जोरात. ‘होईल,’ म्हणाली. ‘आठ दिवस थांब. होईल.’

१४ फेब्रुवारी

फॅट ३.३. वर चाललंय.

हे व्हायचंच होतं. शेळीच्या पोटाला नवीन खाद्याची सवय व्हायला वेळ लागतो, हे मी पहिल्यापासून म्हणत होते. म्हणत नसले तरी मला माहीत होतं.

ताईचं काय चाललंय कळत नाही. सकाळी मी उठते तेव्हा तिचं अंथरूण गुंडाळलेलं असतं आणि ती गोठा झाडून मोकळी. हातांवर कोपरापर्यंत ओरखडे. विचारलं तर म्हणाली, ‘मागचं कुंपण माजलंय, ते साफ करतेय.’ मागे जाऊन बघितलं, कुंपण होतं तसंच आहे. वय झालं की माणूस काम करतो कमी आणि ओरबाडून घेतो जास्त. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलीय. नीट पट्टी लाव म्हटलं तर म्हणाली, ‘काटा आहे, निघेल आपला.’ धार काढताना तोंड वाकडं करते.

२१ फेब्रुवारी

३.८.

पुन्हा लिहिते. तीन पॉइंट आठ. गवतावर होतं त्याहून एका दशांशानं जास्त. दुपारी शेळ्या मोजल्या, दहात सात रवंथ करत होत्या. चीजवालीनं चिठ्ठी माझ्या हातात दिली, ताईच्या नाही, आणि विचारलं, ‘काय केलंत तुम्ही?’

घरी आले आणि एका बैठकीत कागद लिहिला. वर मथळा: ‘गवताशिवाय दुभती शेळी’. खाली सहा नियम. टरफल किती, भरडा किती, बारीक जाळीतून दळणं, दोन वेळा ठरल्या वेळी देणं, उरलेलं रोज मोजणं. सहावा नियम: ‘या काळात फांद्या, झाडपाला अजिबात देऊ नये, शेळ्या बाहेर सोडू नयेत. हिशेब बिघडतो.’ खाली सही. किती दिवसांनी सही केली.

ताई कागद हातात धरून बराच वेळ उभी होती. ती हळू वाचते.

‘इतक्यात नको लावूस,’ म्हणाली.

‘का?’

‘अजून बघू थोडं. महिनाभर.’

‘आकडा समोर आहे. अजून काय बघायचं?’

ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, ‘सहावा तरी काढ.’

मी काढला नाही. आयुष्यभर सगळ्यांनी हिच्या हाताचा गुण गायला. एकदा माझ्या डोक्याचा गायला तर हिला जड जातंय. सख्खी बहीण झाली म्हणून काय झालं, माणूसच ती. कागद चीजवालीच्या दाराला लावून आले.

२५ फेब्रुवारी

कागद वाचतात सगळे, करत कुणी नाही. ‘बघू’, ‘करू’, ‘आमची शेळी जरा नाजूक आहे’. एकच माणूस आला, पोस्टमनकाका. निवृत्त आहेत, कालव्याच्या वळणावर एकटेच राहतात, सहा शेळ्या आहेत. काकू गेल्यापासून त्या शेळ्यांशीच बोलतात म्हणे. त्यांचं गवतही संपलंय. त्यांनी कागद पेन्सिलीनं स्वतःच्या वहीत उतरवून आणला होता, स्वल्पविरामासकट.

‘साडेतीनशे ग्रॅम म्हणजे साडेतीनशेच ना? का उन्नीस-बीस चालेल?’

‘साडेतीनशेच.’

‘बरं. माझ्याकडे पत्रं तोलायचा काटा आहे. चाळीस वर्षं वापरलाय, खोटं बोलत नाही.’

असा एक माणूस प्रयोगशाळेत असता तर मी यंत्राला हरवलं असतं. ते निघाले तेव्हा ताई फाटकापर्यंत सोडायला गेली. दोघं काही बोलत होते. काका मोठ्यानं बोलतात, म्हणून त्यांचंच ऐकू आलं: ‘पण कागदात तसं नाही ना, ताई. धाकट्या बाईंनी लिहिलंय, देऊ नये.’ ताई मागे परतली तेव्हा मी विचारलं, काय सांगत होतीस. म्हणाली, ‘काही नाही. तब्येत कशी आहे विचारत होते.’ लपवाछपवी हिला कधी जमली नाही. माझ्या प्रयोगात ढवळाढवळ करत होती, आणखी काय.

१० मार्च

काकांच्या दोन शेळ्या खात नाहीत. निरोप आला होता, मी जाऊन आले. डाव्या बाजूनं पोट फुगलंय, शेण व्हावं तशी पातळ लेंडी, एक पुढच्या पायानं लंगडतेय. काका वही घेऊन माझ्यामागे फिरत होते. ‘सगळं कागदाप्रमाणे केलं, बाई. मिनिटाचाही फरक नाही.’

मी म्हटलं, ‘काहीतरी चुकलं असणार. आमच्या एकतीस आहेत, सगळ्या ठणठणीत.’

‘असेल,’ म्हणाले. ‘मी पुन्हा वाचतो.’

ताईला सांगितलं. तिच्या हातातलं ताट खाली पडलं. लगेच चपला घालून निघाली, वाटेत डॉक्टरांना घेऊन गेली. आली ती जेवलीच नाही.

१२ मार्च

एक काल गेली, दोन आज. उरलेल्या तीन उभ्या आहेत. ताई तिथंच आहे.

मी काकांच्या भरड्याचा, पिठाचा, पाण्याचा नमुना आणला. सगळं बरोबर. काटा तपासला. एका ग्रॅमचाही फरक नाही. आकडे माझे, तेच खाद्य, तीच जाळी. त्यांच्या मेल्या आणि आमच्या जगल्या, याला उत्तर पाहिजे. नाचता येईना अंगण वाकडं, असं काकांच्या बाबतीत मी दोन दिवस म्हणत होते. अंगण तर सरळ निघालं.

१३ मार्च

खाद्यात उत्तर नव्हतं म्हणून दुसऱ्या टोकाला गेले. काकांच्या गोठ्यातल्या लेंड्या आणल्या, आमच्याही घेतल्या, आणि ताईची पिठाची चाळण घेऊन नळाखाली बसले. धुवायचं आणि चाळणीवर काय उरतं ते बघायचं. अकरा वर्षांत मी आत जाणाऱ्याचीच तपासणी केली, बाहेर येणाऱ्याची कधी नाही.

काकांकडच्या लेंड्या पाण्यासरशी विरघळून गेल्या. चाळण रिकामी.

आमच्या धुतल्या. चाळणीवर झाडाच्या सालीचे लांब लांब तुकडे. पानांच्या शिरा. आणि एक काटा, करंगळीच्या नखाएवढा.

तो काटा मी उचलून तळहातावर घेतला. नळ चालूच होता.

१३ मार्च, पुन्हा

ताई आली. मी चाळण पुढे धरली.

‘हे काय आहे?’

‘साल आहे,’ ती म्हणाली. ‘कालव्यावरच्या झुडपांची.’

‘कधीपासून?’

‘तू न्हाणीत रडलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तू उठायच्या आत टाकायचे आणि उरल्या काटक्या झाडून न्यायचे.’

ती उभीच होती, मार खायला उभं राहावं तशी. म्हणाली, ‘मला वाटलं, एकदा तुझा आकडा आला की तुझ्या जिवाला बरं वाटेल. मग निवांत सांगेन. तू लगेच कागद लावून आलीस.’

‘तेव्हा सांगायचं होतंस.’

‘सांगायला तोंड उघडलं होतं. तुझा चेहरा बघितला. एवढी खूश तुला मी दहावीच्या निकालाला पण नव्हतं बघितलं.’ मग हळूच, ‘काकांना म्हटलं होतं, रोज दोन-चार फांद्या टाका म्हणून. ते म्हणाले, कागदात नाही.’

मी म्हटलं, ‘तुझ्या मायेनं तीन शेळ्या मारल्या.’

‘हो,’ ताई म्हणाली.

भांडायला समोर कुणीतरी लागतं. ती नुसतं ‘हो’ म्हणाली आणि चाळण माझ्या हातातून घेऊन घासायला बसली. अंगठा बाजूला धरून चार बोटांनी घासत होती. तेव्हा मी तो अंगठा नीट पाहिला. सुजून निळा झाला होता. त्यातला काटा कुठला होता, हे मला त्या क्षणी कळलं आणि तरी मी तिचा हात धरला नाही. मला राग आला होता. अजून आहे. तिनं मला शेळ्यांच्या रांगेत उभं केलं आणि सकाळी सकाळी गुपचूप दोन फांद्या मलाही टाकल्या. ते खाऊन मी एवढे दिवस माजले.

१५ मार्च

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, टरफल वाईट नाही, दळू नका आणि बरोबर चघळायला काहीतरी लांब ठेवा. शेळी चघळते तेव्हा लाळ सुटते, लाळ पोटातलं आंबट मारते. पीठ चघळता येत नाही. फायबर किती, हे विचारलंत, पण केवढं लांब, हे विचारलंच नाहीत. एवढं साधं. ताईनं दोन बोटांत चोळून पहिल्या दिवशी ओळखलं होतं, तिला शब्द नव्हते. माझ्याकडे शब्दच होते.

नंतर त्यांनी ताईचा अंगठा बघितला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘हे इतके दिवस घरात कुणाला दिसलं नाही?’

चीजवालीच्या दारावरचा कागद काढून आणायला गेले. तिनंच आधी काढला होता.

१७ मार्च

ताई आज हाताला पांढरं बँडेज बांधून, सासूबाईला दोरीला धरून कालव्याकडे गेली. मागून तिची दोन्ही पिल्लं. काकांना देऊन आली. मी खिडकीतून बघितलं, बरोबर गेले नाही. पहिल्यांदाच सासूबाई कुठं खोड न काढता गेली.

विचारलं, काय बोललीस. ‘सगळं सांगितलं. चूक माझी म्हटलं. आम्ही फांद्या टाकत होतो आणि तुम्हाला कळू दिलं नाही म्हटलं.’

‘मग?’

‘ऐकून घेतलं त्यांनी.’

२३ मार्च

सांध्यात गेलेला काटा कापून काढला, पण अंगठा वाकत नाही, वाकणार नाही म्हणतात. ताई आता धार काढू शकत नाही. चार बोटांनी सड धरून बघितला, जमला नाही. तेहतीस वर्षं त्या हातानं धार काढली. आता मी काढते. शेळ्या मला पान्हा सोडत नाहीत, लाथ मारतात. ताई शेजारी उभी राहून त्यांच्या मानेवरून हात फिरवते, तेव्हा कुठं दूध येतं. हाताचा गुण अजून आहे, फक्त त्याला हात राहिला नाही. पहाटे फांद्या तोडायलाही मीच जाते. पहिल्या दिवशी कोपरापर्यंत ओरबाडले. ताईनं हळद पुढे केली, मी घेतली नाही. मग घेतली.

२८ मार्च

आज गेले काकांकडे. ताई जाऊन आली म्हणजे मी सुटले, असं आजवर वाटत होतं.

ओट्यावर बसले होते, शेजारी पत्रं तोलायचा काटा, सासूबाई पलीकडे फांदी ओढत होती. मला बघून उठले, खुर्ची पुसली. मी बसले नाही. त्यांनी आत जाऊन वही आणली.

‘बरं झालं आलात. मी तुमच्याकडेच येणार होतो. ताई सांगून गेल्या, माझी चूक नाही म्हणून. सगळा दोष त्यांनी अंगावर घेतला. पण ताई चांगल्या बाई आहेत, त्या असंच म्हणणार. माझं मन राखायला. शेळीसुद्धा दिली.’ त्यांनी वही माझ्यापुढे धरली. ‘तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्ही मन राखत नाही. मी कुठं चुकलो तेवढं दाखवा. तीन उरल्यात, पुन्हा व्हायला नको.’

मी वही वाचली. रोजचं एक पान. वजन, वेळ, उरलेलं. प्रत्येक नियमापुढे ‘पाळला’. खाली शेऱ्याला जागा आखलेली.

‘४ मार्च. शेळ्या कुंपणाशी उभ्या राहून बाहेरच्या झुडपाकडे बघून ओरडतात. नियम ६ पाळला.’

‘६ मार्च. पिवळी भिंत चाटते. नियम ६ पाळला.’

‘८ मार्च. पिवळीनं कुंपणातून मान काढून एक फांदी ओढली होती. तिच्या तोंडातून काढून घेतली. सोडत नव्हती. नियम ६ पाळला.’

मी ते पान दोनदा वाचलं. पिवळी ११ तारखेला गेली, सगळ्यात आधी.

‘तुम्ही कुठंही चुकला नाहीत,’ मी म्हटलं. ‘माझा कागद चुकीचा होता. सहावा नियम मी लिहिला. ताईनं मला तो काढायला सांगितला होता, मी काढला नाही.’

काकांनी वही परत घेतली. उघड्या पानावर बोट ठेवून उभे राहिले.

‘म्हणजे ती फांदी तिला खाऊ दिली असती तर?’

ताई असती तर काहीतरी मऊ बोलली असती. ‘नेमकं सांगता येत नाही, तिचं वय झालं होतं,’ असं काहीतरी.

‘एका फांदीनं नाही,’ मी म्हटलं. ‘पण रोज दिल्या असत्या तर जगली असती.’

त्यांनी मान हलवली. वही मिटली, काट्याच्या तबकडीत ठेवली. काटा टोकाला जाऊन अडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘बरं. आता तुम्ही जा.’

परत आले तेव्हा धारेची वेळ झाली होती. गव्हाणीच्या टोकाची सासूबाईची जागा मोकळी आहे. बाकीच्या अजून ती सोडूनच उभ्या राहतात.

‘काय म्हणाले?’ ताईनं विचारलं.

‘जा म्हणाले.’

तिनं डाव्या हातानं बादली माझ्याकडे सरकवली.